कागदावर चालवायचा संगणक : गेटच्या तयारीची वाट

गेटचा कॉम्प्युटर सायन्सचा एखादा जुना पेपर घ्या आणि घड्याळ न लावता नुसता वाचून काढा. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांत वर्षानुवर्षं भेटणारे ‘व्याख्या द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘आकृतीसह वर्णन करा’ हे शब्द तिथे सापडणार नाहीत. दहा-बारा ओळींचा सी प्रोग्रॅम दिलेला असेल आणि विचारलेलं असेल, काय छापलं जाईल? एका कॅशची मापं दिलेली असतील आणि विचारलेलं असेल, टॅगला किती बिट लागतील? चार ट्रॅन्झॅक्शनचं वेळापत्रक दिलेलं असेल आणि ते सीरियलायझेबल आहे का, हे ठरवायचं असेल. पेपर विद्यार्थ्याला घटकाभर स्वतःच संगणक व्हायला सांगतो. ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ध्यानात आली, तर नोट्स उतरवून काढण्यात जाणारे कितीतरी महिने वाचतात.

आधी परीक्षेची चौकट पाहून घेऊ. बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी, गुवाहाटी या सात आयआयटी मिळून गेट घेतात आणि यजमानपद आळीपाळीने फिरतं. २०२१ला ते आयआयटी मुंबईकडे होतं, २०२४ला आयआयएससीकडे, २०२५ला रुरकीकडे. परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असतानाही बसता येतं. माझ्या मते ज्याला जमेल त्याने तिसऱ्या वर्षी बसावंच. त्या वर्षीचा स्कोअर चांगला आला, तर डिग्री हातात पडल्यावर तोच वापरता येतो. नाही आला, तरी तीन तास त्या स्क्रीनसमोर बसणं म्हणजे काय, हे कळलेलं असतं.

पेपर १०० गुणांचा, प्रश्न ६५. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, १३ इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सचे आणि ७२ मुख्य विषयांचे. ॲप्टिट्यूडकडे इंजिनीअरिंगची मुलं ढुंकून बघत नाहीत. पण थोडं इंग्रजी, शेकडेवारी, आलेख वाचन आणि आकृत्यांची कोडी यांचे हे १५ गुण एखाद्या अख्ख्या विषयाहून जास्त आहेत, आणि रोज अर्धा तास दिला तर सहज पदरात पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. या प्रश्नांत इंग्रजीपेक्षा वाक्याचा नेमका अर्थ लावण्याचा कस लागतो आणि जुन्या पेपरांतले प्रश्न सोडवत गेलं की महिन्याभरात डोळा बसतो.

प्रश्न तीन जातींचे असतात. चार पर्यायांतला एकच बरोबर असलेला, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारा (हा प्रकार २०२१पासून आला) आणि पर्याय न देता थेट संख्या भरायला सांगणारा. पहिल्या प्रकारातच चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात : एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. आता जरा हिशोब करा. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं, तर चारात एकदा १ गुण मिळतो आणि चारात तीनदा एक तृतीयांश जातो. सरासरी बरोबर शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हीच सरासरी एक नवमांश होते. दोन बाद झाले, तर एक तृतीयांश. म्हणजे ‘खात्री नसेल तर हात लावू नका’ हा वडीलधारा सल्ला इथे नुकसानीचा आहे. एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तरी उत्तर द्यायचं. उरलेल्या दोन प्रकारांत गुण कापलेच जात नाहीत, त्यामुळे तिथे रकाना रिकामा सोडण्याला काही कारणच उरत नाही. मात्र अनेक-पर्यायी प्रश्नात अर्ध्या बरोबर उत्तराला अर्धे गुण मिळत नाहीत. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही, तरच गुण.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कागदावर संगणक चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

एक फंक्शन घ्या. त्याच्या आत ‘बेरीज’ नावाचा स्टॅटिक व्हेरिएबल आहे, सुरुवातीची किंमत शून्य. फंक्शनला एखादा पूर्णांक दिला की ते आधी बघतं, तो शून्य किंवा शून्याहून लहान आहे का. असेल, तर ‘बेरीज’ची किंमत परत करतं. नसेल, तर तो पूर्णांक ‘बेरीज’मध्ये मिळवतं, मग एकने कमी पूर्णांक देऊन स्वतःलाच कॉल करतं, आलेली किंमत ‘उत्तर’ नावाच्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि शेवटी ‘उत्तर’ अधिक ‘बेरीज’ परत करतं. या फंक्शनला ३ दिले, तर काय येईल?

वहीच्या पानावर उजवीकडे एकच चौकोन काढा. तो ‘बेरीज’चा. डावीकडे प्रत्येक कॉलसाठी एक ओळ, खालून वर रचत जायची. पहिला कॉल ३चा : चौकोनात ३. त्यावर २चा कॉल : चौकोनात ५. त्यावर १चा : चौकोनात ६. त्यावर ०चा : हा काही मिळवत नाही, ६ परत करतो आणि त्याची ओळ खोडली जाते. आता उतरायला लागा. १च्या कॉलचं ‘उत्तर’ ६, चौकोनात ६, बेरीज १२. त्याची ओळ खोडा. २च्या कॉलचं ‘उत्तर’ १२. आणि इथेच पाय घसरतो. पुष्कळ जण म्हणतात, या कॉलच्या वेळी चौकोनात ५ होते, म्हणून १७. पण चौकोन एकच आहे, आणि आपण परत येईपर्यंत त्यात ६ झालेले आहेत. १२ अधिक ६, म्हणजे १८. मग ३चा कॉल : १८ अधिक ६, उत्तर २४.

पर्याय कसे रचले जातात, हेही यातून दिसतं. ‘बेरीज’ साधा व्हेरिएबल मानला, तर प्रत्येक कॉलला तो नव्याने शून्यापासून सुरू होतो आणि उत्तर ६ येतं. स्टॅटिक आहे हे माहीत असलं, पण जुन्या किमती जपून ठेवल्या, तर २० येतं. एक पायरी आधीच थांबलं, तर १८. असे पर्याय समोर असले की प्रत्येक चुकीच्या वाटेवरून येणाऱ्याला आपलं उत्तर तिथे छापलेलं दिसतं आणि तो समाधानाने पुढे जातो. म्हणून सराव करताना बरोबर उत्तर जुळलं की पान उलटू नये. उरलेले तीन पर्याय कुठून आले असतील, ते शोधावं. त्याला वेळ लागतो, पण अशा एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो.

(आलेली किंमत ‘उत्तर’मध्ये वेगळी ठेवली, त्यालाही कारण आहे. सी भाषेत अधिक चिन्हाच्या कुठल्या बाजूची किंमत आधी काढायची, हे ठरवून दिलेलं नाही. एकाच ओळीत रिकर्सिव्ह कॉल आणि ‘बेरीज’ लिहिली असती, तर कंपायलरप्रमाणे उत्तर बदलू शकलं असतं. प्रश्नाच्या मांडणीत असं काही मुद्दाम तोडून लिहिलेलं दिसलं, तर ते का तोडलं, हे स्वतःला विचारायची सवय लावा.)

हीच रीत हार्डवेअरलाही चालते. समजा, ३२ बिटांचा बाइट-ॲड्रेस आहे, कॅश ३२ किलोबाइटची, फोर-वे सेट असोसिएटिव्ह, ब्लॉक ६४ बाइटचा. टॅगचे बिट किती? सूत्र पाठ असलेला मुलगा सूत्र आठवत बसतो. ज्याने कॅशचं काम कागदावर केलेलं असतं, तो स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ब्लॉकच्या आतला नेमका बाइट शोधायला किती बिट? ६४ बाइट, म्हणून ६. तो ब्लॉक कुठल्या सेटमध्ये बघायचा? ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ बाइट; भागिले ६४, म्हणजे ५१२ ब्लॉक; प्रत्येक सेटमध्ये ४, म्हणजे १२८ सेट; त्यासाठी ७ बिट. त्या सेटमध्ये जे सापडलं ते आपलंच आहे, याची खूण किती मोठी हवी? उरलेले सगळे बिट : ३२ वजा १३, म्हणजे १९. प्रश्न उलटा करून टॅग दिला आणि कॅशचा आकार विचारला, तरी हीच वाट उलटी चालायची.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पेज रिप्लेसमेंट शिकताना फिफो पद्धत सगळ्यांना सोपी वाटते : जे पान आधी आलं ते आधी बाहेर. मेमरीत फ्रेम वाढवल्या तर पेज फॉल्ट कमी होणार, असं मन सांगतं. तर १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही मागण्यांची ओळ घ्या आणि तीन फ्रेम घेऊन हाताने चालवा. फॉल्ट ९ येतात. आता चार फ्रेम घेऊन चालवा. फॉल्ट १० येतात! लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून ही गोष्ट बेलाडीच्या नावाने ओळखली जाते. ‘बेलाडीज ॲनॉमली’ची व्याख्या पाठ करायला दोन मिनिटं पुरतात, पण ही ओळ दोनदा हाताने चालवायला पंधरा लागतात. पण ज्याने चालवली, त्याला दिसतं की चार फ्रेममध्ये ५ आल्यावर १ बाहेर जातो आणि लगेच पुढची मागणी १चीच असते, मग २ बाहेर जातो आणि पुढची मागणी २ची. रांगेतून प्रत्येक वेळी नेमकं हवं असलेलंच पान बाहेर पडत राहतं. एवढं दिसलं की एलआरयूमध्ये हे का घडू शकत नाही, हा पुढचा प्रश्न आपोआप मनात येतो.

विषय कुठल्या क्रमाने घ्यावेत, यावर क्लासवाले आणि सीनियर वेगवेगळं सांगतात. माझा क्रम एकमेकांवर कोण उभं आहे, यावरून ठरतो. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स सगळ्यात आधी. लॉजिक, सेट, रिलेशन, मोजणी, ग्राफ हे हातात आल्याशिवाय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, डेटाबेस आणि अल्गोरिदम या तिन्हींत अंधारात चाचपडावं लागतं. त्याबरोबर सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर, मग अल्गोरिदम. दुसऱ्या बाजूने डिजिटल लॉजिक, त्यावर कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशननंतर लगेच कंपायलर, कारण पार्सिंगचा पाया तिथेच घातलेला असतो. डेटाबेस आणि नेटवर्क शेवटी घेतले तरी चालतात. उरतं लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि प्रॉबॅबिलिटी. त्यातल्या प्रॉबॅबिलिटीला थोडा जास्त वेळ द्या, बाकीचं दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीच्या वहीतून भागतं.

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या विषयात केटी लागलेली मुलं तो ऑप्शनला टाकायला बघतात. टाकू नका. शून्य आणि एक यांच्या ज्या स्ट्रिंगमध्ये शेवटून तिसरा अंक १ आहे, अशा स्ट्रिंग ओळखणाऱ्या डीएफएला कमीत कमी किती स्टेट लागतात? यंत्राला पुढे काय येणार हे माहीत नाही. स्ट्रिंग कधीही संपू शकते, म्हणून त्याने दर क्षणी शेवटचे तीन अंक ध्यानात ठेवले पाहिजेत. तीन अंकांच्या आठ जोडण्या, म्हणून ८ स्टेट. ‘या यंत्राला काय लक्षात ठेवावं लागेल?’ हा एकच प्रश्न विचारत गेलं, तर विषयाचा निम्मा भाग उलगडतो. बायनरीत दिलेल्या संख्येला ५ने भाग जातो का, हे ओळखणाऱ्या यंत्राला काय लक्षात ठेवावं लागेल? फक्त बाकी. म्हणून ५ स्टेट.

पुस्तकांचा ढीग लावू नका. कर्निघन आणि रिची यांचं सीचं छोटं पुस्तक पूर्ण वाचण्यासारखं आहे, उदाहरणं करत करत. कॉर्मेन, लायसरसन, रिव्हेस्ट आणि स्टाइन यांचं अल्गोरिदमचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला घेतलं की दिवाळीपर्यंत हिंमत खचते. त्यातली सॉर्टिंग, ग्रीडी, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आणि ग्राफची प्रकरणं नीट करा. एनपीटीईएलवर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. कॉलेजात जो विषय नुसता सबमिशनपुरता झाला, तो तिथून पुन्हा सुरुवातीपासून ऐकावा. क्लास लावावा का? ज्याला रोजची शिस्त बाहेरून लागते, त्याने लावावा. पण क्लासच्या नोट्स कितीही सुबक असल्या, तरी ट्रेसचं पान स्वतःच्या हातानेच भरावं लागतं.

जुने पेपर शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. एखादं प्रकरण संपलं की त्याच संध्याकाळी त्या प्रकरणावरचे जुने प्रश्न काढावेत, म्हणजे वाचलेल्यातलं काय कामाचं होतं ते कळतं. अलीकडच्या तीन-चार वर्षांचे पेपर मात्र अख्खे बाजूला ठेवा आणि जानेवारीत तीन तास लावून सोडवा. फार जुन्या पेपरांत सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग आणि वेब टेक्नॉलॉजीवरचे प्रश्न भेटतील. ते विषय आता अभ्यासक्रमात नाहीत, सोडून द्या. चुकलेल्या प्रश्नांसाठी एक वेगळी वही करा आणि तिच्यात उत्तर लिहिण्याऐवजी चूक कुठल्या पायरीवर झाली ते एका ओळीत लिहा : ‘किलोबिट आणि किलोबाइट यांत गल्लत’, ‘प्रश्नात नसलेले विचारले होते’, ‘लूप एकदा जास्त फिरवला’. महिनाभराने ही वही उघडली की तीच ती तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा आलेली दिसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला याहून चांगलं काही नाही.

परीक्षेच्या खोलीतल्या काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा. कीबोर्ड बंद असतो, त्यामुळे कॅल्क्युलेटरची बटणं आणि संख्या भरायचे आकडे, सगळं माउसने दाबावं लागतं. घरी सवय नसेल, तर साध्या भागाकारालाही वेळ जातो. म्हणून सरावालाही स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर घ्या आणि दोनाचे घात तोंडपाठ ठेवा, निदान सोळाव्या घातापर्यंत. कच्च्या कामासाठी पॅड तिथेच मिळतं. त्यावर प्रश्नाचा क्रमांक लिहून, रेघ मारून काम करा. शेवटच्या पंधरा मिनिटांत एखादं उत्तर तपासायचं झालं, तर आपलाच ट्रेस आपल्याला सापडला पाहिजे.

गुण आणि स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षार्थी जास्त झाले की पेपर दोन सत्रांत होतो, जसा २०२४ आणि २०२५मध्ये झाला. मग दोन्ही सत्रांचे गुण आधी एका पातळीवर आणतात. त्यानंतर १००० पैकी स्कोअर काढतात. खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५०, आणि अगदी वरच्या मोजक्या परीक्षार्थींच्या सरासरी गुणांना ९०० धरलं जातं. मधले सगळे त्या प्रमाणात बसतात. समजा, पात्रता ३० गुणांची आणि वरची सरासरी ८०ची असेल, तर ५५ गुण बरोबर मध्ये पडतात आणि स्कोअर ६२५ येतो. त्यामुळे पेपर अवघड निघाला म्हणून घरी येऊन रडत बसण्यात अर्थ नसतो. तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो आणि मोजपट्टीही त्याबरोबर खाली सरकते.

निकालानंतरची वाट दुहेरी आहे. आयआयटींना प्रत्येकीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, पण त्यांच्या एम. टेक.च्या ऑफर सीओएपी या एकाच पोर्टलवर येतात. तिथे ऑफर पक्की करता येते, हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघता येते किंवा नाकारून थांबता येतं. एनआयटींचे प्रवेश सीसीएमटीतून होतात आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यातच येतं. दोन्हीकडे वेळेत नोंदणी करा. स्कोअर असूनही तारीख हुकलेली मुलं दरवर्षी भेटतात. संशोधनाकडे झुकणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी बऱ्याच संस्था गेटनंतर स्वतःची प्रोग्रॅमिंग चाचणी आणि मुलाखतही घेतात. मुलाखतीत ‘तुमचा आवडता विषय कोणता?’ असं विचारून त्याच विषयावर फळ्यापाशी उभं करतात, हातात खडू किंवा मार्कर देतात आणि एखादा छोटा प्रश्न घालतात. तिथे आठवून उत्तर देण्यापेक्षा चौकोन काढून, एकेक पायरी मोठ्याने सांगत पुढे जा, आणि अडलात तर कुठल्या पायरीवर अडलात तेही सांगा.